अण्णांच्या हौदातलं पाणी

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण वाचताना मनातल्या मनात त्यांची चिरफाड करत असतो. पांढरी साडी दिसली – धुकं असेल. कोणीतरी हाक मारली – कान वाजले असतील. माझा स्वभावच तसा आहे. सव्वीस वर्षं मी एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होतो. रसाचा पीएच, साखरेचा उतारा, बॉयलरच्या पाण्याची हार्डनेस... दिवसभर आकडेच. आकडा चुकला तर माणूस चुकलेला असतो किंवा बाटली घाण असते, तिसरं कारण नसतं, असं मी हाताखालच्या लोकांना शिकवायचो. देवळात जातो, पण ते बायकोसोबत.

तरीही हे लिहितोय. कारण एका ठिकाणी मला ते तिसरं कारण शोधावं लागलं आणि ते अजून सापडलेलं नाही.

सिरसाळ्याहून धारूरकडे निघालं की डाव्या हाताला एक गाव लागतं. नाव मुद्दाम देत नाही. गावाच्या वरच्या अंगाला आमच्या कारखान्याच्या माजी अध्यक्षांचं फार्महाऊस होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही तेच म्हणतो. अण्णांना अर्धांगाचा झटका आला होता – उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टरांनी पाण्यातला व्यायाम सांगितला, म्हणून पुण्याच्या मुलाने, अभयने, फार्महाऊसच्या मागे स्विमिंग पूल बांधून दिला. तीस फूट बाय चौदा, खोली सरासरी चार फूट. म्हणजे सत्तेचाळीस हजार लिटरच्या आसपास. गावातले लोक त्याला ‘अण्णांचा हौद’ म्हणायचे.

त्या वर्षी दुष्काळ होता. ऊसच नव्हता, त्यामुळे गाळप झालं नाही आणि कारखाना बंद. लॅबमध्ये बसून माशा मारायच्या. तेवढ्यात अण्णांचा निरोप आला, ‘‘हौदाचं पाणी बिघडलंय, सोनवणेला बघायला सांगा.’’

मी गेलो. पाणी हिरवट, कडेच्या टाईल्सवर पांढऱ्या खाराची बोटभर रेघ. अण्णांना आंघोळ घालणं, चाकाच्या खुर्चीतून पाण्यात उतरवणं, हौद झाडणं ही सगळी कामं नामदेव नावाचा माणूस करायचा. पन्नाशीचा, पूर्वी ऊसतोडीला जायचा, पाठ गेली म्हणून इकडे आलेला. त्याला विचारलं, पाण्यात काय काय टाकलंस?

‘‘क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या. मग शेवाळ हटंना म्हनून अजून टाकल्या. मग मोरचूद टाकलं.’’

‘‘मोरचूद? किती?’’

‘‘दोन-तीन बारी. मुठी-मुठीनं.’’

मी कपाळाला हात लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पूलच्या पाण्यात क्लोरीन टिकावं म्हणून गोळ्यांमध्ये एक स्टॅबिलायझर असतो. क्लोरीन उन्हात उडून जातं, पण हा स्टॅबिलायझर उडत नाही. तो साचत जातो, आणि फार साचला की क्लोरीन असूनही काम करत नाही, मग शेवाळ येतं. तो कमी करायचा एकच मार्ग – जुनं पाणी काढून नवं भरायचं. कॅल्शियमचंही तेच, आणि मोरचुदातल्या तांब्याचंही जवळपास तेच. पाणी उन्हाने उडतं, हे सगळं मागे राहतं आणि दाट होत जातं.

आणि नवं पाणी आणायचं कुठून? फार्महाऊसचा बोअर दोन महिन्यांपूर्वीच आटला होता. गावात तीन दिवसांआड टँकर यायचा.

म्हणून जे होतं त्यातच मी जमवाजमव केली. पीएच चढला होता तो अ‍ॅसिडने उतरवला, गोळ्या बंद केल्या, फिल्टरची वाळू उलटी धुतली. वाळू धुतलेलं पाणीसुद्धा ड्रममध्ये धरून मोसंबीला घातलं. एक दिवसाआड सकाळी जायचं, टेस्ट करायची, वहीत लिहायचं. पंधरा दिवसांत पाणी दिसायला निळंशार झालं. अण्णा रोज सकाळी नामदेवच्या आधाराने अर्धा तास पाण्यात पाय हलवायचे. पण निळं दिसलं तरी पाणी तेच होतं. हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा, सातशेच्या वर, स्टॅबिलायझर एकशे दहा, आणि तांबं.

हौदाला कुंपणाची भिंत होती. दुष्काळात ती आणखी चार फूट वाढवली होती. कशासाठी, ते कोणी बोलत नव्हतं.

एका सोमवारी मी टेस्ट करत असताना गावातल्या पंधरा-वीस बायका फाटकाशी आल्या. पुढे कौसाबाई. गावच्या दूध सोसायटीच्या त्या चेअरमन, आवाज खणखणीत. अण्णा व्हरांड्यात खुर्चीत होते. कौसाबाई पायरीपाशी थांबल्या, डोक्यावरचा पदर नीट केला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

‘‘अण्णा, आमी कारखान्याच्या सभासद हावोत. तुमाला वीस वर्सं निवडून देलं. आज टँकर आला न्हाई, पाचवा दिस हाय. लेकरायला पाजायला पानी न्हाई. अन् तुमच्या हौदात येवढं पानी हाय, ते कावून देत न्हाईत तुमी?’’

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. मग अडखळत म्हणाले, ‘‘सोनवणे... सांग.’’

मी सांगितलं. हे पाणी औषधाचं आहे, यात तांबं आहे, पोटात गेलं तर उलट्या होतील, लेकरांना तर मुळीच नको. जनावरांनाही नको.

‘‘अण्णा त्यात बसतेत की!’’ मागून एक जण म्हणाली.

‘‘बसतात, पीत नाहीत.’’

‘‘लिहून द्या,’’ कौसाबाई म्हणाल्या. ‘‘तोंडी नको. गावात इचारतेत मला.’’

मी वहीतला कागद फाडला, सगळे आकडे लिहिले, खाली ‘पिण्यास अयोग्य’ आणि सही. त्यांनी तो वाचला, घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. मला एक सांगायचंय – त्या कागदातला प्रत्येक आकडा खरा होता. तरीही बायका उताराने परत जाताना मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

मंगळवारी दुपारी मी पुन्हा गेलो, कारण मला माझ्याच आकड्यांची एकदा खात्री करायची होती. दोन बाटल्या भरल्या, कारखान्याच्या लॅबमध्ये नेल्या, नीट टायट्रेशन केलं, म्हणजे थेंबाथेंबाने मोजून तपासलं. आकडे तेच. एक बाटली संपली, दुसरी सील करून कपाटात ठेवली.

बुधवारी सकाळी सातच्या सुमारास फार्महाऊसवर पोचलो तेव्हा हौदाकडून नामदेवचा आवाज येत होता, ‘‘अण्णा, काय झालं? अण्णा, दुखतंय का?’’

मी धावलो. नामदेवने अण्णांना नेहमीसारखं कंबरेइतक्या पाण्यात उतरवलं होतं आणि अण्णा डाव्या हाताने कठड्याला घट्ट धरून बाहेर काढायची खूण करत होते. आम्ही दोघांनी त्यांना वर काढून खुर्चीत बसवलं. अंगावर टॉवेल टाकला. घाबरलेले नव्हते, पण डोळे मोठे झाले होते. म्हणाले,

‘‘हे... आपलं... न्हाई.’’

‘‘काय आपलं नाही, अण्णा?’’

‘‘पानी.’’

मला वाटलं पुन्हा झटका आला की काय. नामदेवला म्हटलं, डॉक्टरांना फोन लाव. अण्णांनी मान हलवली आणि ओली बोटं ओठाला लावली. ‘‘गोड हाय,’’ म्हणाले.

त्यांच्या समाधानासाठी मी टेस्ट किट उघडलं. आधी क्लोरीन. नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. झालं नाही. म्हटलं ठीक, उडालं असेल. मग स्टॅबिलायझर. त्याच्या टेस्टमध्ये पावडर टाकली की पाणी दुधासारखं गढूळ होतं आणि नळीच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होतो. माझ्या पाण्यात तो ठिपका नळी अर्धी भरायच्या आतच जायचा. त्या दिवशी मी नळी काठोकाठ भरली. ठिपका लख्ख दिसत होता.

पावडर खराब असेल म्हणून नवी पुडी फोडली. तेच.

मग हार्डनेस. लाल रंग निळा होईपर्यंत थेंब मोजायचे. सोमवारी पस्तीसच्या वर थेंब लागले होते. आज दुसऱ्याच थेंबाला निळं.

मग अशा वेळी करायचं ते सगळं केलं. पाण्याची पातळी – खाराच्या रेघेशी, काल होती तिथेच. सांडपाण्याचा खड्डा – कोरडा, तळाच्या धुळीत चिमण्यांच्या पायांचे ठसे. पंप थ्री फेजवरचा, आणि त्या दिवसांत थ्री फेज वीज फक्त दुपारी दोन तास मिळायची. टँकर म्हणावा तर पाच टँकर लागले असते. फाटकापासून हौदापर्यंतच्या मातीत माझ्या मोटारसायकलच्या चाकाखेरीज खूण नव्हती. आणि चोर म्हणावा तर चोर वाईट पाणी नेऊन चांगलं ठेवून जातो का?

शेवटी एक सुचलं. फिल्टर मंगळवारी दुपारपासून बंद होता, म्हणजे त्याच्या टाकीत मंगळवारचंच पाणी असणार. खालचा कॉक उघडला. पहिल्या चार बादल्यांना क्लोरीनचा वास, हार्डनेस सातशेच्या वर. माझंच पाणी! मग हौदाकडचा व्हॉल्व्ह उघडला आणि त्या पाईपातून दुसरं पाणी आलं. दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवून मी दोन्ही तपासल्या. मध्ये फक्त एक लोखंडी व्हॉल्व्ह होता.

नामदेव दोन्ही बादल्यांकडे बघत म्हणाला, ‘‘सायेब, माझ्यावर येनार हे.’’

तो बरोबर होता. अण्णांनी मला अभयला फोन लावायला सांगितला. मी जमेल तसं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, मग म्हणाला, ‘‘सोनवणेकाका, फाटकाची किल्ली कोणाकडे असते? नामदेवकडे. त्याने काहीतरी घोळ घातलाय. त्याला काढून टाका, क्लोरीन टाका आणि विषय बंद करा. गावात एक शब्द बोलू नका. कारखान्याची निवडणूक आहे.’’

‘‘अभयराव, नामदेवने केलं असेल तर कसं केलं एवढं सांगा, मी स्वतः त्याला काढतो.’’

त्याने फोन ठेवला.

खरं सांगतो, विषय बंद करणं अगदी सोपं होतं. चार किलो गोळ्या टाकल्या असत्या तर दुपारपर्यंत पाणी पुन्हा माझ्या कागदातल्यासारखं अयोग्य झालं असतं. कोणाला कळलं नसतं. माझी सही गावात फिरत होती, ती खोटी ठरली नसती. गोळ्यांचा डबा माझ्या पायाशीच होता.

अण्णा माझ्याकडे बघत होते. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागायचा, आम्ही थांबायचो. ‘‘परवा... सही केलीस. आता... दुसरी कर.’’

मी म्हटलं, आधी खात्री करतो. बाटल्या भरल्या आणि परळीला गेलो. तिथे पाण्याच्या एका लॅबमध्ये माझा जुना मित्र शेख काम करतो. कुठलं पाणी ते सांगितलं नाही. तासाभराने तो हातात कागद घेऊन बाहेर आला.

‘‘सोनवणे, बे, हे कुठून आणलंस?’’

‘‘का?’’

‘‘आपल्याकडच्या विहिरीचं न्हाई हे. बोअरचं तर न्हाईच न्हाई. क्षार जवळपास नाहीत, तांबं सापडलं न्हाई. छपराखाली भांडं लावून पावसाचं पाणी धरल्यावानी हाय.’’ मग खिडकीबाहेरच्या पांढऱ्या आभाळाकडे बघून हसला. ‘‘अन् पाऊस कुठाय? आठ महिने झाले.’’

जंतूंच्या तपासणीला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मी रोज फार्महाऊसवर गेलो. कपाटातली मंगळवारची सील केलेली बाटली उघडून तपासली – सातशेच्या वर. म्हणजे मंगळवारचं पाणी मंगळवारचंच होतं, माझी मोजमापं चुकलेली नव्हती. हौदातलं पाणी दोन्ही दिवस तसंच नितळ राहिलं. अण्णा त्यात उतरले नाहीत. काठावर खुर्ची लावून बसायचे.

शुक्रवारी संध्याकाळी शेखचा फोन आला, जंतूही नाहीत. शनिवारी सकाळी मी नव्या कागदावर नवे आकडे लिहिले, ‘पिण्यास योग्य’ लिहिलं, सही केली. सुरक्षिततेसाठी पिण्याच्या पाण्याला घालतात तेवढंच ब्लीचिंग घातलं. अण्णांनी कौसाबाईंना बोलावणं पाठवलं.

यावेळी अख्खा गाव आला. कौसाबाईंनी माझा नवा कागद वाचला, मग पिशवीतून जुना काढला. दोन्ही शेजारी धरले.

‘‘सायेब, सोमवारी तुमी म्हनलात ईख हाय, लेकरायला पाजू नका. आज म्हनता पिऊन घ्या. मधी झालं काय?’’

‘‘मला माहीत नाही, बाई.’’

‘‘माहीत न्हाई?’’

‘‘पाणी बदललंय. कसं बदललं ते मला माहीत नाही. पण हे पाणी चांगलं आहे.’’

लोकांत कुजबुज झाली. त्यांचंही बरोबर होतं, त्यांच्या घरात लहान लेकरं होती. कौसाबाईंनी पितळी तांब्या हौदात बुडवला, भरला आणि माझ्यासमोर धरला.

‘‘मग आधी तुमी प्या.’’

मी तांब्या हातात घेतला. किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसेल. तेवढ्यात अण्णांनी डावा हात पुढे केला. मी तांब्या त्यांना दिला. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळायचं म्हणून नामदेव नेहमी त्यांना चमच्याने पाणी पाजायचा. त्या दिवशी त्यांनी एका हाताने तांब्या तोंडाला लावला आणि सगळा रिकामा केला. सदरा भिजला. मग कौसाबाईंकडे बघून एवढंच म्हणाले, ‘‘पुढच्या.’’

सहा दिवस वाटप चाललं. सोसायटीचे दुधाचे कॅन मापाला, घरटी दोन हंडे, रांग कौसाबाईंच्या ताब्यात. कोणी भांडलं नाही, आणि कोणी आजारी पडल्याचंही मला कळलं नाही. मी रोज चौकशी करत होतो. नामदेवला कोणी काढलं नाही. अभय रविवारी पुण्याहून आला होता, वडील काठावर बसून हंडे मोजताहेत हे बघितलं आणि बाही वर करून कॅन उचलायला लागला. माझ्याशी मात्र त्या विषयावर परत बोलला नाही.

हौद रिकामा झाल्यावर मी आत उतरलो. तळाची एकेक टाईल ठोकून बघितली. भेग नाही, झरा नाही, कुठे ओल नाही. टाईल्सच्या सांध्यांमध्ये मोरचुदाचा हिरवट डाग आणि खाराचा थर तसाच होता. म्हणजे ते जुनं पाणी तिथे होतं, एवढं नक्की.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. बोअरला पाणी आलं, हौद भरला. मी तपासलं – नेहमीचं जड पाणी. त्यानंतर तीन वर्षं, अण्णा गेले तोपर्यंत, मी महिन्यातून एकदा तिथे जाऊन टेस्ट करत राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं. दर वेळी आकडे जसे यायला हवेत तसेच आले.

मी याच्यावर खूप विचार केलाय. शेखला नंतर सगळं सांगितलं, त्याने तीन तर्क मांडले, तिन्ही मी खोडून काढले आणि शेवटी त्यानेही हात टेकले. कोणी म्हणतं अण्णांची पुण्याई, कोणी म्हणतं गावाचं दैवत. मी काहीच म्हणत नाही. वाचकांपैकी कोणी पाण्यातला जाणकार असेल आणि एका रात्रीत, पंप न लावता, सत्तेचाळीस हजार लिटर पाण्यातलं कॅल्शियम, तांबं आणि स्टॅबिलायझर कसं नाहीसं होतं हे सांगू शकत असेल तर मला खरंच ऐकायला आवडेल.

गेल्या वर्षी सिरसाळ्याच्या बाजारात कौसाबाई भेटल्या. आता थकल्यात, सोसायटी सुनेकडे आहे. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. निघताना त्या म्हणाल्या, ‘‘सायेब, लई ठिकानचं पानी पिले मी, पन तसली चव पुन्ना कुटं लागली न्हाई. तुमाला याद हाय का?’’

मी ‘हो’ म्हटलं.

ते खोटं होतं. त्या पाण्याचे सगळे आकडे मला आजही तोंडपाठ आहेत. गाव सहा दिवस ते पाणी पीत होता, आणि मी रोज घरून बाटली भरून नेत होतो. त्यातला एक घोटही मी प्यायलो नाही.